चपलेतलं रक्त मी पाहिलं

"आधी बाहेर हो!"

शिकवणीच्या बाईंचा हा आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. मी तेव्हा सातवीत होते. माझ्या हातात सरांची, म्हणजे बाईंच्या यजमानांची, चप्पल होती. उजव्या पायाची. आत पुढे बोटांपाशी एक खिळा वर आला होता आणि त्याच्याभोवती रक्त. ओलं रक्त. सर नुकतेच बाजारातून आले होते आणि चप्पल काढून आत गेले होते. ते लंगडत नव्हते, की कण्हले नव्हते. मला वाटलं, यांना कळलेलंच नाही. म्हणून चप्पल उचलली आणि धावत आत गेले. थेट दिवाणखान्यात. बाकीची मुलं सतरंजीवर बसून गणितं सोडवत होती, तिथं.

"बाई, सरांच्या पायातनं रक्त..." एवढंच बोलले.

बाईंनी चपलेकडे पाहिलं नाही. माझ्या पायांकडे पाहिलं. उंबऱ्याच्या आत आलेल्या पायांकडे.

"आधी बाहेर हो! चपला घेऊन घरात येतेस? चपलांत हात घालायची सवय कधी जाणार आहे का तुमची?"

तुमची. 'तुझी' नाही. शब्द एकच, पण सगळ्या शिकवणीला कळलं. काही मुलं हसली. बाईंचा मुलगा केदार माझ्याच वर्गात होता. त्यानं वहीत मान घातली. मी बाहेर आले. चप्पल जागेवर ठेवली, सरळ, दुसरीच्या शेजारी. मग ओटल्यावर माझ्या जागेवर बसले आणि पुढचं गणित सोडवायला घेतलं. आकडे दिसत नव्हते.

आरडाओरडा ऐकून सर बाहेर आले. पाय उचलून बघितला तर बोटाखाली भोक. त्यांना मधुमेह होता. पाय बधिर झाले होते, खिळा रुतला तरी पत्ता नाही. दवाखाना झाला, एक बोट गेलं, पाय वाचला. उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. हे मला कुणी सांगितलं नाही, जाळीच्या दारातून ऐकलं. आणखी एक गोष्ट जाळीतून पाहिली. मी उभी होते तेवढीच फरशी कामवाली पुसत होती आणि बाई तिला म्हणत होत्या, "फिनाईल टाक गं जरा."

ओटल्याचं सांगते. बडोद्यात घराबाहेरच्या बसायच्या ओट्याला आम्ही मराठी लोकही ओटला म्हणतो. कारेलीबागेतल्या सोसायटीत बाईंचा बंगला. तिथं संध्याकाळी गणिताची शिकवणी चाले. बाकीची मुलं आत, पंख्याखाली. मी ओटल्यावर, जाळीच्या दाराशी, चपलांच्या शेजारी. दारातून फळा दिसायचा, अर्धा. कुणी विचारलं तर बाई म्हणायच्या, "तिला बाहेर वारा लागतो ना, तिला तिथंच आवडतं." हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मीही आईला सांगू लागले, मला बाहेरच बरं वाटतं. बाई माझी फी घेत नसत. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यासाठी त्यांना वाकून नमस्कार करायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त बुक्क्या मऊ होत्या.

बाईंचे पूर्वज संस्थानात कारभारी. पगडीतला फोटो दिवाणखान्यात लावलेला. आमचे पूर्वज त्याच संस्थानच्या पागेत खोगिरं शिवणारे. दोघेही एकाच फौजेमागून दख्खनेतून इकडे आले. एकाच वाटेनं, एकाच धुळीतून. येऊन एक दिवाणखान्यात बसला, एक ओटल्यावर. घोडे गेले, पागा गेली, खोगिरं गेली. अण्णा सयाजीगंजात स्टेशनसमोर चपला आणि होस्टेलच्या पोरांच्या बॅगा शिवत राहिले.

त्या दिवसापासून मला भीती बसली. आपण चुकून आत जाऊ, ही भीती. कॉलेजात, लॅबमध्ये, बँकेत, कुठल्याही दारात माझा पाय आधी थबकतो. इंजिनिअर झाले तरी थबकतो. लोक मला नम्र म्हणतात. नम्र कसली, मी घाबरट होते.

पण चपलांशेजारी बसून एक झालं. मला चपला वाचता यायला लागल्या. कोण पाय ओढत चालतं, कुणाच्या टाचेवर भार येतो. कॉलेजात त्यातूनच माझं यंत्र आलं. बुटात घालायची पातळ गादी. पाय बधिर झालेल्या माणसाच्या तळव्याला कुठं भार वाढला, कुठं ऊब वाढली, ते फोनवर सांगते. जखम व्हायच्या आधी. केदार माझ्याबरोबर इंजिनिअरिंगला होता. त्याला बोलणं यायचं, मला काम. तो लोकांना भेटायचा, मी सर्किटं जोडायची, गादी कापायची, शिवायची. डभोईच्या एका दवाखान्यात आम्ही ती पेशंटना दिली. तिथले एक किराणा दुकानदार पाय वाचला म्हणून केळ्यांचा घड घेऊन आले आणि माझ्या हातात देत म्हणाले, "बेटा, तारा हाथमां जादू छे." मी घरी येऊन रडले. हाताला पहिल्यांदाच कुणी बरं म्हटलं होतं.

कंपनी नोंदवताना केदार म्हणाला, "सध्या माझ्या एकट्याच्या नावानं करू, पुढे बघू." पुढे कुणी बघितलं नाही. विचारायला मी घाबरले.

मग अमेरिकेतल्या एका गुंतवणूकदारानं पैसे लावले. तिथलं एक मोठं इस्पितळ गादी वापरून बघायला तयार झालं. पण तिथं जाऊन राहायला हवं, कंपनी तिथं उभी करायला हवी. त्यासाठी परक्या देशातल्या स्टार्टअपवाल्यांना तात्पुरती परवानगी मिळते, तिचा अर्ज करायचा ठरलं. आणि माझी झोप उडाली. फोनवर मी लोकांचे अनुभव वाचायचे. कुणाचा अर्ज नाकारला, कुणाला विमानतळावरून परत धाडलं. वाचायचे आणि ताट बाजूला सारायचे. एवढ्या मोठ्या देशाचं दार. आणि मी, जिला कारेलीबागेतलं दार जमलं नव्हतं.

एका रविवारी केदारनं सल्लागाराला घरी बोलावलं. परेशभाई. सयाजीगंजात त्यांचं ऑफिस आहे, परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं करून देतात. दिवाणखान्यात परेशभाई लॅपटॉप उघडून बसले. शेजारी केदार, समोर बाई. सर आता नाहीत, भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो. मला आता आत बसवतात, खुर्चीवर. काळ बदलला ना. दाराजवळची खुर्ची मात्र माझी मीच निवडते.

परेशभाई म्हणाले, "पहेला स्टोरी जोईए. ही कल्पना कुणाला सुचली, कशी सुचली. शपथेवर लिहायचं असतं हं, पछी फेरफार नहीं चाले."

केदारनं घसा साफ केला.

"मी सातवीत होतो. एक दिवस पपांच्या चपलेत मला रक्त दिसलं. त्यांना कळलंही नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, अशा लोकांसाठी काहीतरी करायचं."

तो सहज बोलला. अडखळला नाही. म्हणजे याआधी पुष्कळ ठिकाणी बोलून झालं होतं. बाईंनी सरांच्या फोटोकडे बघत डोळ्याला पदर लावला. मनात म्हटलं, वडील त्याचे, रक्त त्याच्या वडिलांचं, असू दे. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बाजूनं कारणं फार लवकर सापडतात.

परेशभाईंनी कंपनीचे कागद चाळले आणि माझ्याकडे पाहिलं. "आ बेननुं शुं? मशीन तर ह्या करतात ना? पण कागदावर संस्थापक केदारभाई एकलेच." मग एकदम चुटकी वाजवली. "एमां शुं टेन्शन? बेय जण कोर्ट मॅरेज करी नाखो ने! एक ज अर्ज. वाइफ तो साथे आवी ज जाय. कागदावर हं, फक्त कागदावर. लोक करतात."

ते हसत होते. माणूस वाईट नव्हता, दिवसातून दहा जणांना असले उपाय सांगत असेल.

बाईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कागदावरसुद्धा नाही."

खोटं लग्न म्हणून त्या नाही म्हणाल्या नव्हत्या. शपथेवर खोटी गोष्ट सांगणारा मुलगा समोर बसलेला, त्याचं त्यांना काही नव्हतं. खोटं चालणार होतं, मी चालणार नव्हते. केदार फोनवर अंगठा फिरवत होता. आणि मला लाज वाटली. मी मागितलंच नव्हतं ते नाकारलं गेलं, आणि मागितल्यासारखी लाज मला वाटली. आग लागो त्या लाजेला.

बाईंनाही आवाज चढल्याचं कळलं असावं. त्या गोड झाल्या. "तू समजूतदार आहेस पहिल्यापासून. केदार जाऊ दे पुढं. तू इथंच थांब, इकडचं काम बघ. नंतर बोलावेलच की तो. हो ना रे?"

"हो हो," केदार म्हणाला.

आणि मी म्हणाले, "बरं, बाई."

खरंच म्हणाले. लपवण्यात अर्थ नाही. जीभ आपोआप वळली. इतक्या वर्षांची सवय. माझं यंत्र जाणार होतं, मी राहणार होते, आणि मी 'बरं, बाई' म्हणून चिवड्याची बशी पुढं ओढली.

परेशभाई मोकळे झाले. पुढचं समजावू लागले. ही परवानगी म्हणजे व्हिसा नव्हे. "जुओ आंटी, समजी लो. माणूस तिथं राहील, काम करेल, सगळं करेल. पण कायद्याच्या नजरेत त्याला आत घेतलेलं नसतं. शरीर अंदर, पण कायदा कहे छे के हजी दरवाजे ज ऊभो छे. मुदत संपली की निघायचं. ते मनात आणतील तेव्हा परवानगी काढूनही घेऊ शकतात."

बाई ताठ झाल्या.

"म्हणजे काय? ओटल्यावर बसवणार माझ्या मुलाला?"

"एवुं ज समजो," परेशभाई हसले.

"हा अपमान आहे. काम करून घ्यायचं, हुशारी वापरायची, आणि घरात म्हणून घ्यायचं नाही? आमच्या घराण्यातला माणूस असा दारात बसेल? माणूस आहे की कोण आहे?"

त्या अजूनही बोलत होत्या. मला पुढचं ऐकू आलं नाही.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

ओटल्यावर बसवणं म्हणजे काय, हे बाईंना नीट ठाऊक होतं. पहिल्यापासून. कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. वारा लागतो म्हणून नाही, आवडतं म्हणून नाही. अपमान म्हणजे अपमान, हे त्यांनी एका दमात सांगितलं, कारण आता ओटल्यावर त्यांचा मुलगा होता. आणि मी इतकी वर्षं मनाला समजावत आले होते की बिचाऱ्या बाईंच्या ते लक्षात येत नसेल. जुन्या वळणाच्या आहेत, पण मनानं चांगल्या आहेत, फुकट शिकवलं. माझ्या आत काहीतरी तुटलं. राग नंतर आला. आधी आली ती जबरदस्त भीती, कारण मला कळलं की आता मी बोलणार आहे.

मी उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली.

"बाई, ते रक्त मी पाहिलं होतं."

"काय?"

"चपलेतलं रक्त. केदारनं नाही. मी पाहिलं. मी चप्पल घेऊन आत आले, इथं, या सतरंजीपाशी. तुम्ही म्हणालात, आधी बाहेर हो."

आवाज बारीक निघाला, रडका. मनात योजलं होतं तसं काही ठणकावून बोलता आलं नाही. बाई म्हणाल्या, "एवढं जुनं उकरून काय मिळणार तुला? आणि कुणी पाहिलं यानं काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल तर माझ्या नावानं लिहा."

केदार म्हणाला, "तू आत्ता हे काढतेस? आत्ता?"

"शपथेवर लिहायचंय म्हणून आत्ता."

परेशभाईंनी लॅपटॉप हळूच अर्धा मिटला. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "शिकवलं ते चुकलंच माझं." तेव्हा मी निघाले. बाहेर ओटल्यावर चपला घालताना पट्टा लागेना, तो तसाच लोंबता सोडला. सोसायटीच्या फाटकापर्यंत आले आणि वाटलं, परत जावं, पाया पडावं, चुकलं म्हणावं. खोटं सांगत नाही, दोन पावलं परत वळलेही. मग स्कूटरला किल्ली लावली.

घरी अण्णा ऐकून पांढरे पडले. "त्यांच्याशी वाकडं घेऊ नकोस, पोरी. मोठी माणसं. त्यांनी शिकवलं तुला. जा, माफी माग." त्यांच्या डोळ्यांत मला माझीच भीती दिसली, माझ्याहून जुनी. पागेतून आलेली. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, मलाही भीती वाटते. पण माफी नाही मागणार." ते भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांना दुखावल्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी परेशभाईंच्या ऑफिसला गेले. सयाजीगंजात, जिना चढून. काचेच्या दाराशी पाय थबकलाच. थबकू दिला आणि मग आत गेले. म्हटलं, "लग्न नाही. इथं थांबणंही नाही. मी संस्थापक आहे, तसं कागदावर येऊ दे. नाही आलं तर अर्जासोबत यंत्राबद्दल जी जबानी लागते, तिच्यावर माझी सही मिळणार नाही."

परेशभाईंनी डोकं खाजवलं. "बेन, तमे तो मला अडकवलंत." मग तिकडच्या वकिलाला फोन लावला. वकिलानं एकच विचारलं, हे यंत्र बनवलं कुणी? परेशभाई माझ्याकडे बघत इंग्रजीत म्हणाले, ती समोर बसली आहे. पलीकडून उत्तर आलं, मग अर्ज तिच्याशिवाय उभा राहणार नाही.

संध्याकाळी केदार आमच्या बिल्डिंगखाली आला. वर नाही आला. म्हणाला, "असं करू ना. दोघांनी पाहिलं असं लिहू. आईलाही वाईट वाटणार नाही."

"तू वहीत मान घालून बसला होतास, केदार."

"लहान होतो यार."

"मीही लहानच होते."

तो बराच वेळ गाडीच्या आरशाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. कागद बदलून घेतो." त्याचं मन पालटलं असं कुणी समजू नये. अडला हरी, दुसरं काय. माझ्या सहीवाचून त्याचा अर्ज जात नव्हता. माझ्या दृष्टीनं तेवढं पुरे होतं. मला त्याचं मन नको होतं, माझं नाव हवं होतं. बाईंचा फोन त्यानंतर आलेला नाही.

माझी हकीकत मी स्वतः लिहिली. मी ओटल्यावर का बसत होते, ते लिहिलं. माझी जात लिहिली. परेशभाई म्हणाले, "ए लोकोने जात-बात न समजाय. काढी नाखो, केस खराब थशे." मी म्हटलं, समजत नसेल तर विचारतील, विचारलं तर सांगेन. ओटला काढला तर चपला कुठून आल्या, आणि चपला काढल्या तर यंत्र कुठून आलं? ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, एवढं मी आता शिकले आहे.

अर्ज गेला आहे. दोन संस्थापक, दोन नावं. उत्तर आलेलं नाही. फोन वाजला की आधी नाव बघते. नाकारतीलही. परवानगी मिळाली तरी तिथल्या विमानतळावर खिडकीमागे एक अधिकारी असेल, आणि तो काय विचारेल याची उजळणी मी आत्तापासून करते. भीती गेलेली नाही. जाईल असं वाटत नाही.

मी हेही जाणते की तिथं गेले तरी कायद्यानं मी दारातच असणार. पण त्या दाराचे नियम लिहिलेले आहेत. किती दिवस, कशासाठी, का. त्यावर बोट ठेवून विचारता येतं. बाईंच्या ओटल्याला कसला कागद नव्हता. नुसता वारा होता.

तो अधिकारी विचारेल, ही कल्पना कुणाची? मी सांगेन, माझी. चपलेतलं रक्त मी पाहिलं. आवाज बारीक निघाला तर निघू दे, पुन्हा सांगेन. आणि तिथं, इथं, कुठल्याही दारात, कुणीही मला "आधी बाहेर हो" म्हणालं, तर मी घाबरलेलीच असेन, पण आधी विचारीन, का? उत्तर मिळेपर्यंत उंबऱ्यातून पाय काढणार नाही.